साक्रीचं बघून झालं

साक्रीला बाजारात बरोबर नेलं की अर्धी सकाळ गेली म्हणून समजायचं. वांगी घ्यायला पाठवलेली ही मुलगी ढिगासमोर उभी राही आणि वांग्यांकडे बघत बसे. निवडत नसे, भाव विचारत नसे, नुसती बघे. धुळ्याच्या बाजारातली एक भाजीवाली एकदा वैतागून तिला म्हणाली, "लेवानं शे का नुसतं देखानं शे?" साक्रीने शांतपणे सांगितलं, "देखी लिसू, मंग लिसू." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे जांभळं नाहीच गं. आत काळा आहे, आणि देठाजवळ हिरवा चढतोय. आपल्या डबीतला जांभळा इथे चालणार नाही." मी एक किलो वांगी तोलून घेतली, पैसे दिले आणि तिचा दंड धरून तिला ओढत खोलीवर आणलं. आमची मैत्री साधारण अशी होती. ती थांबायची, मी ओढायची.

साक्री हे तिचं नाव नव्हे. आम्ही चित्रकला शिक्षकाची पदविका करायला धुळ्यात होतो, ऐंशीनंतरची ती वर्षं. मुलींच्या वसतिगृहात खोलीच्या दारावर नावापुढे गाव लिहायची पद्धत होती. आठवड्याभरात नावं गळून पडली आणि गावं उरली. ती साक्रीकडची म्हणून साक्री. तिसरी नरडाण्याची, स्टेशनजवळ घर असलेली, म्हणून नरडाणा. मी जळगावची, पण आमच्या वर्गात जळगावच्या चौघी होत्या, म्हणून मी जळगावातल्या माझ्या भागाच्या नावाने मेहरूण. आज आम्हा तिघींची मुलं शाळेत जातात, तरी फोनवर "कोण?" विचारलं की पलीकडून "नरडाणा" असंच उत्तर येतं.

साक्रीची एकच शिवी होती, 'सुबक'. एखाद्या मुलीचं चित्र तिला आवडलं नाही की ती नीट बघून घेई आणि म्हणे, "सुबक आहे." ऐकणारी खूश होई. अर्थ फक्त आम्हा दोघींना माहीत होता. माझी चित्रं ती बहुतेक वेळा सुबक म्हणायची. मी मनावर घेत नसे, कारण मार्क मला पडत. आमचे सर संकल्पचित्राच्या तासाला फिरताना एकच वाक्य म्हणत, "कोपरा रिकामा राहिला की मार्क गेले." मी कोपरे भरत असे. चारी कोपऱ्यांत पानं, फुलं, नाहीतर नुसती नक्षी. साक्रीचे कोपरे रिकामे राहायचे. सर विचारत, "हे का सोडलंस?" ती म्हणे, "सर, तिथे काही नव्हतं." दोन्ही वर्षं मी पहिली आले आणि ती कशीबशी वरच्या निम्म्यात राहिली.

दुसऱ्या वर्षी अभ्यास सहल दिल्लीला गेली. लाल किल्ला, आग्रा, सगळं झालं आणि शेवटच्या दिवशी आधुनिक चित्रांच्या संग्रहालयात आम्हाला सोडलं. आम्ही खानदेशातल्या अठ्ठावीस मुली, सगळ्या ओळीने, पायांत नव्या चपला. असं काही आम्ही कधी पाहिलं नव्हतं, आणि न कळणाऱ्या चित्रांसमोर काय करतात हेही कुणी शिकवलं नव्हतं. आम्हाला चित्रांचं एकच करता येत होतं, ते म्हणजे मार्क देणं. मग मी आणि नरडाणाने वही काढली आणि प्रत्येक चित्राला मार्क द्यायला सुरुवात केली. रेखाटन वीसपैकी, रंगलेपन वीसपैकी, रचना, स्वच्छता. मोठमोठ्या चित्रकारांना आम्ही त्या दिवशी धडाधड नापास केलं. तिथला रखवालदार आमच्या मागे मागे फिरत होता. त्याने हिंदीत विचारलं, "आप लोग सरकार की तरफ़ से आए हैं?" नरडाणा म्हणाली, "जी, धुलिया से."

साक्री कुठे आहे ते पाहायला मी मागे फिरले. दुसऱ्या दालनात ती एका भल्यामोठ्या चित्रासमोर उभी होती. चित्रात काही नव्हतं. मातकट पांढऱ्या रंगाचं अंगण म्हणावं असं सगळं, आणि खाली डावीकडे एक काळसर डाग. पेन्सिलीच्या रेघासुद्धा तशाच दिसत होत्या. मी वही काढून म्हटलं, "याला शंभरात वीस. तेही आईबापांकडे बघून." ती हसली नाही. म्हणाली, "मेहरूण, याला थांबता आलंय बघ. पुढे करता आलं असतं, पण केलं नाही."

"आळशी असेल."

"नाही गं. भीती वाटत नव्हती त्याला."

मी तिला पंधरा मिनिटं दिली, मग अजून दहा. शेवटी सर ओरडायला लागले तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही चला. माझं अजून बघून झालं नाही." बस तिच्यासाठी पाऊण तास थांबली. सगळ्या जणी चिडल्या होत्या. गाडीत ती माझ्याशेजारी बसली आणि खिडकीतून दिसणारी उसाची शेतं न बघता समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिली. मध्येच म्हणाली, "असं शिकायला कुठे जातात?"

हे तिने मलाच विचारलं, कारण असल्या गोष्टी मला माहीत असत. अर्ज कुठे मिळतो, फोटो किती लागतात, कुणाची सही लागते, हे मी शोधून काढत असे. मीच तिला सांगितलं की बडोद्याला पेंटिंगचा मोठा अभ्यासक्रम आहे. नरडाण्याहून सुरतेची गाडी आणि तिथून पुढे बडोदा, एका दिवसाचं काम.

पण आमची पदविका झाली आणि पहिल्याच मोसमात साक्रीचं लग्न झालं. सासर धुळ्यातच. सासरे, सगळे त्यांना आबा म्हणत, गावची शेती थोरल्या मुलावर सोपवून धुळ्यात राहायला आलेले. आबांच्या ओळखीने तिला मुलींच्या शाळेत चित्रकला शिक्षिकेची जागा मिळाली. अशी जागा मिळायला लोक वर्षानुवर्षं खेटे घालतात. मी जळगावात एका शाळेत लागले, तेही मोठ्या मिनतवारीने. दोन वर्षं गेली आणि एके दिवशी साक्री बाड घेऊन माझ्याकडे मेहरूणला आली. शाळा सुटल्यावर, सुट्टीत, गच्चीवर बसून काढलेली चित्रं. "बडोद्याला पाठवायचीत," म्हणाली. "घरी सांगितलेलं नाही. निवड झाली तर सांगीन."

मी ती चित्रं बघितली. तिच्यासारखी नाही, माझ्यासारखी, एकामागून एक. बघितल्यावर मला कळलं की आमच्या तिघींत चित्रकार एकच आहे. हे मला त्या गच्चीवरच्या चित्रांनी सांगितलं असं नाही, वसतिगृहातच कळलेलं होतं. त्या दिवशी फक्त नाकारायला जागा उरली नाही. तिने विचारलं, "कशी आहेत?" मी म्हटलं, "पाठवायला हरकत नाही." मग मेणकापड आणलं, बाड नीट गुंडाळलं, वरून मांजरपाट शिवला, पत्ता घातला आणि पोस्टात नेऊन टाकलं. पोस्टाची पावती तिला दिली. माझ्या हातून जे होण्यासारखं होतं ते मी केलं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले.

तिची निवड झाली. पत्र श्रावणात आलं. बुधवारपर्यंत हजर राहायचं होतं, आणि आदल्या रविवारी कानबाई होती.

कानबाई म्हणजे काय ते खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. श्रावणातल्या एका रविवारी घरात कानबाई देवी बसते, सोमवारी तिला निरोप देतात, आणि त्या दोन दिवसांत सगळे भाऊबंद एका घरात असतात. सुरतेत, नाशकात, कुठेही असलेला माणूस घरी येतो. म्हणून घरातल्या मोठ्या गोष्टी त्याच दिवशी ठरतात. लग्नं, वाटण्या, कुणाला कुठे ठेवायचं. साक्रीने मला पत्र टाकलं, "कानबाईला ये. बठ्ठे घरात असतील, एकूणएक. आबा तुझं ऐकतील. तू व्यवहाराचं बोलतेस असं मी त्यांना सांगितलंय."

मी गेले. ओसरीवर पंचवीस-तीस माणसं होती. आतून पुरणाचा वास येत होता. आबा मधोमध पाटावर, पांढरं धोतर, हसतमुख माणूस. त्यांचा राग कुणी पाहिलेला नव्हता आणि त्यांचा शब्द कुणी मोडलेला नव्हता. साक्रीचा नवरा खांबाला टेकून उभा होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "आबा सांगतील तसं." आबांची एक म्हातारी बहीण गंगाफळं, म्हणजे लाल भोपळे, चिरत बसली होती, ती म्हणाली, "बडोदाले जाईसन काय करशी व माय? भितवर तू आठेबी काढस." भिंतीवर ती इथेही काढतेच, यावर सगळे हसले. साक्रीही हसली. ती दारात उभी होती, डोक्यावर पदर, आणि माझ्याकडे बघत होती.

आबा मला म्हणाले, "बाई, तुम्ही शहाण्या आहात. मला चित्रातलं काही कळत नाही. एक सांगा. हे शिक्षण करून आल्यावर आमच्या सुनेला आत्तापेक्षा चांगली नोकरी लागेल का?"

मी म्हटलं, "नाही."

खरंच होतं ते. आहे ती नोकरी सोडावी लागली असती, परत आल्यावर जागा मिळाली नसती, आणि पेंटिंग केलेल्या बाईला आमच्याकडे कुणी विचारत नव्हतं. मला विचारलं त्याचं मी उत्तर दिलं. त्याच्या पुढे एक वाक्य होतं, 'पण तिला जाऊ द्या, तिच्यासारखं आमच्यात कुणालाच येत नाही.' ते माझ्या तोंडात होतं असं मी म्हणत नाही. ते होतं एवढंच म्हणते. आबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "झालं तर मग. चला, पानं मांडा."

कानबाईच्या प्रसादाचे रोट घरच्याच माणसांनी खायचे असतात, परक्याला देत नाहीत. मला वेगळं पान वाढलं, पुरणपोळी, गंगाफळाची भाजी, खीर. वाढायला साक्रीच होती. "भाजी देऊ अजून?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बस." एवढंच बोलणं झालं आणि मी दुपारच्या एस.टी.ने जळगावला परतले.

पुढची दहा-अकरा वर्षं ती त्याच शाळेत होती. पाहुणे आले की फाटकापासून व्यासपीठापर्यंत रांगोळी साक्रीची. प्रशस्तिपत्रकांवरची नावं साक्रीची. स्नेहसंमेलनाचे पडदे, महापुरुषांच्या जयंतीचे फलक, दहावीच्या पहिल्या पाच मुलींची यादी, सगळं साक्रीचं. चित्रकलेचा तास वर्षातून सहा महिने गणिताला दिलेला असे. मी एकदा तपासणीच्या कामाने तिच्या शाळेत गेले, तेव्हा मुख्याध्यापक कौतुकाने म्हणाले, "आमच्या बाईंचा हात फार सुबक." मी साक्रीकडे पाहिलं. ती नम्रपणे मान खाली घालून उभी होती. ओठाचा कोपरासुद्धा हलला नाही. मला वाटलं होतं ती निदान माझ्याकडे बघून डोळा मिचकावेल.

नरडाणाचा नवरा रेल्वेत. त्याची दिल्लीला बदली झाली आणि तिने आम्हा दोघींना दिवाळीच्या सुट्टीत बोलावलं. मुलं सासूंवर टाकून आम्ही जळगावहून निघालो. एका रात्रीच्या प्रवासात साक्री भरपूर बोलली. मुलाची परीक्षा, आबांचं पथ्य, शाळेतल्या लिपिकाचा आगाऊपणा. हसवलंही तिने. मला बरं वाटलं. जे झालं ते मागे पडलं असं मी धरून चालले.

संग्रहालयात जायचं नरडाणानेच ठरवलं. "आपण सगळ्यांना नापास केलं होतं तिथे," ती म्हणाली, "आता फेरतपासणी करू." आम्ही तिघी पस्तिशीला आलेल्या, एकीच्या हातात पाण्याची बाटली, एकीच्या हातात चिवड्याची पिशवी. पिशवी बाहेर ठेवायला लावली.

आत शिरल्यावर मार्क द्यायला साक्रीने सुरुवात केली. ती आता दरवर्षी सरकारी चित्रकला परीक्षेचे कागद तपासत असे आणि तिच्या हाताला कमालीचा वेग होता. चित्रासमोर येई, एकदा वरून खाली बघे आणि म्हणे, "अठ्ठावन्न." पुढचं. "चव्वेचाळीस, स्वच्छता नाही." पुढचं. नरडाणा हसून हसून बेजार झाली. मीही हसले. वाटलं, जुना खेळ खेळतेय. तीन दालनं आम्ही वीस मिनिटांत उरकली. माझ्यापेक्षा ती वेगात चालत होती.

ते मातकट पांढरं चित्र आता जिन्याजवळच्या भिंतीवर लावलेलं होतं. नरडाणाने ओळखलं. "अगं साक्री, हे तुझं ना? ज्याच्यासाठी बस थांबली होती?"

साक्रीने एकदा वरून खाली बघितलं. "कोपरे रिकामे," ती म्हणाली. "पस्तीस. पास करून टाक बिचाऱ्याला."

आणि ती जिना उतरायला लागली.

मी तिथेच उभी राहिले. मला त्या चित्रातलं पूर्वी काही कळलं नव्हतं आणि आताही फारसं कळलं असं नाही. पण तो काळा डाग जिथे होता तिथेच का, हे मला त्या दिवशी दिसलं. तो जरा वर असता तर सगळं कोसळलं असतं. त्याच्या उजवीकडची सगळी मोकळी जागा त्या डागाने धरून ठेवली होती. असं धरणारं एक चित्र मी पूर्वी पाहिलं होतं, मेणकापडात गुंडाळण्याआधी. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. खालून साक्रीची हाक आली, "चल गं मेहरूण. बघून झालं."

परतीच्या प्रवासात मी विषय काढला. काढू नये हे कळत होतं. भुसावळ जवळ आलं होतं, सकाळची वेळ, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. मी म्हटलं, "तुला राग आहे माझा. आबांना मी नाही म्हणाले त्याचा."

ती डब्यातला चहा निवत ठेवून बसली होती. "राग कशाचा? खोटं थोडंच बोललीस."

"मग?"

"तुला विचारलं आणि तू लगेच नाही म्हणालीस. एवढंही थांबली नाहीस." तिने चिमटीएवढं अंतर दाखवलं. "मी दारातून बघत होते."

"तू तरी जायचं होतंस. मी काय तुझी सासू होते?"

"आबांना मी समजावलं असतं गं. वर्षभर रुसले असते, दुसरं काय. आबांचं काही नाही." तिने चहाचा घोट घेतला. "मला वाटलं, मेहरूणला सगळं आधी कळतं. इतके दिवस माझी चित्रं बघतेय, कधी चांगली म्हणाली नाही. आता विचारलं तर लगेच नाही म्हणाली. म्हणजे माझ्यात नसेलच. मग कशाला जायचं?"

आबांनी नोकरीबद्दल विचारलं होतं. मी नोकरीबद्दल उत्तर दिलं होतं. तिने मात्र ते तिच्या हाताबद्दलचं उत्तर म्हणून ऐकलं आणि दहा-अकरा वर्षं खरं मानलं. आणि तिचं तसं ऐकणं अगदीच चूक होतं असंही मला म्हणता येत नाही. दोन वर्षं एका खोलीत राहून, तिचं एकेक चित्र डोळ्यांदेखत तयार होताना पाहून, मी एकदाही तोंड उघडलं नव्हतं. पहिली मी येत होते. ते मला टिकवायचं होतं.

तेव्हा डब्यात आम्ही समोरासमोर होतो. ती माझ्याकडे बघत होती, पूर्वी बघायची तशी, घाई न करता. एक वाक्य पुरलं असतं. भुसावळ आलं. माणसं चढली, उतरली, कुणाची तरी ट्रंक माझ्या पायावर आली, मी त्या माणसाला चार शब्द सुनावले. गाडी सुटली तेव्हा मी साक्रीला विचारलं, "जळगावहून धुळ्याची तुझी एस.टी. किती वाजता आहे?"

"असतातच," ती म्हणाली, आणि पिशव्या आवरायला लागली.

जळगाव स्थानकावर आम्ही नेहमीसारखा निरोप घेतला. त्यानंतर तिची पत्रं यायची थांबली. मुलाच्या मुंजीचं छापील निमंत्रण आलं, वर माझं पूर्ण नाव, आडनावासकट, तिच्या सुबक अक्षरात. मी आहेर पाठवला. नरडाणा सांगते की ती मजेत आहे, शाळेत तिला बढती मिळेल.

मी सध्या मुलींना चित्रकला कमी आणि शिस्त जास्त शिकवते. चांगलं चित्र दिसलं की चांगलं म्हणते. तेवढं मी स्वतःला लावून घेतलंय आणि ते अवघड नाही, परक्याच्या मुलीला चांगलं म्हणायला काही लागत नाही. साक्रीला ते अजून म्हटलेलं नाही. धुळं इथून अडीच तासांवर आहे. सकाळी सहापासून दर अर्ध्या तासाला गाडी सुटते.